कमरेला अडीचशे ग्रॅम, अर्धा किलो की सातशे?

आमच्या काजूच्या दुकानात लोखंडी वजनांचा जुना संच अजून ठेवलेला आहे. काटा कधीच इलेक्ट्रॉनिक झाला. पण शस्त्राचा नवा परवाना मिळालेला कोणी ‘रिव्हॉल्व्हर कुठलं घेऊ?’ असं विचारायला आला की मी ती वजनं बाहेर काढतो. दोनशे आणि पन्नास एका रुमालात, पाचशे दुसऱ्या रुमालात, पाचशे आणि दोनशे तिसऱ्यात. त्याला सांगतो, यातलं एक कमरेला बांध आणि आठ दिवस तसाच हिंड. स्कूटरवर बस, बागेत चढ-उतर कर, मांडी घालून जेव, पोराला कडेवर घे. मग ये, बोलू.

ही तीन वजनं मी उगाच निवडलेली नाहीत. सरकारी कारखान्यांची स्वसंरक्षणाची जी रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे चर्चेत असतात त्यांतलं .22 बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) ‘निडर’ सुमारे 250 ग्रॅमचं, .32 बोअरचं ‘निर्भीक’ सुमारे 500 ग्रॅमचं आणि 2023 साली कानपूरहून बाजारात आलेलं ‘प्रबल’, तेही .32 बोअरचं, सुमारे 700 ग्रॅमचं. जुनं नेहमीचं .32 रिव्हॉल्व्हरही याच शेवटच्या वजनाच्या आसपास. 9 मिलिमीटर किंवा .38 हे साध्या परवान्यावर मिळत नाहीत, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. त्यामुळे इंटरनेटवर परदेशी लोकांचे आकाराविषयीचे वाद वाचून डोकं शिणवू नका. आपल्यापुढचा प्रश्न लहान आहे आणि तो पुष्कळसा कपड्यांचा आहे.

तिकडे अंगावर जाकीट असतं. आपल्याकडे मार्च ते मे सुती शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि जून ते सप्टेंबर रेनकोटच्या आत घाम. खोचलेल्या शर्टात काहीच लपत नाही, आणि बाहेर सोडलेला शर्ट वाऱ्याने उडतो. लपवणं ही हौसही नव्हे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी छोटं हत्यार होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, किंवा बॅगेत, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात असावं लागतं. मूठ बाहेर दिसत ठेवून बाजारात फिरणाऱ्याचा रुबाब असेल, पण तो नियम मोडतोय.

मी सुरुवातीला सातशे ग्रॅमवालं घेतलं. दुकानात हातात धरल्यावर ते भरीव वाटलं, मूठ चारही बोटांत बसली. घरी आणलं तर आईने पहिल्याच दिवशी विचारलं, “कमरेक काय बांधलंस?” तिला दिसलं ते मी हसण्यावारी नेलं. मग एकदा मालवणच्या मासळी बाजारात बांगडे बघायला वाकलो आणि शर्ट मागून वर सरकला. समोरची बाई वाटा लावत होती. तिचा हात पाटीतच थांबला. ती माझ्या कमरेकडे बघत होती आणि काही बोलत नव्हती. शेजारची दुसरीही गप्प झाली. मी मासे न घेता परत फिरलो. त्या बाईच्या चेहऱ्यावरची भीती माझ्यामुळे आली होती, आणि ती मला आजही आठवते.

त्या दिवशी एक गोष्ट कळली, जी मला दुकानदाराने सांगितली नव्हती. सगळे नळीची लांबी विचारतात. पण नळी पँटच्या आत जाते, ती कोण बघतो? उघडं पाडते ती मूठ. माणूस वाकला की मूठ मागे टोचून उभी राहते आणि शर्टाला तंबू होतो. म्हणून रोज बाळगायचं असेल तर आधी मुठीची लांबी बघा, मग सिलिंडरचा, म्हणजे गोळ्या बसतात त्या फिरत्या भागाचा, फुगवटा, मग वजन, आणि नळी सगळ्यात शेवटी.

मग सगळ्यात लहानच का घेऊ नये? निडर तळहातावर मावतं, आठ गोळ्या बसतात, अडीचशे ग्रॅम कमरेला जाणवतसुद्धा नाहीत. रुमालाच्या परीक्षेत हेच वजन सगळ्यांना आवडतं. पण बाळगणं ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे घाबरलेल्या, घामेजलेल्या हाताने ते धरता येणं. आखूड मुठीवर करंगळी लोंबकळते, कधी तिच्या शेजारचं बोटही, आणि पकड दोन बोटांवर येते.

नेमाचा हिशेबही मांडून बघा. नेम धरायची पुढची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) आणि मागची खाच यांत 10 सेंटिमीटर अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर हलली, तर 7 मीटरवर गोळी 7 सेंटिमीटर बाजूला जाते. अंतर 15 सेंटिमीटर असेल तर तीच चूक सुमारे पावणेपाच सेंटिमीटरची होते. आणि चाप दाबताना हात एका मिलिमीटरवर थांबत नाही. घोडा आधी न ओढता थेट चाप दाबायचा असेल तर रिव्हॉल्व्हरचा चाप जड लागतो, काही किलोंचा जोर लावावा लागतो. हत्यार पाव किलोचं आणि चाप त्याच्या कितीतरी पट जड, म्हणजे दाबताना चापाऐवजी सगळं हत्यारच वळतं. चुकलेली गोळी हवेत विरत नाही. आपल्या वाडीत घराला घर लागून असतं, गडग्यापलीकडे शेजाऱ्याची मुलं खेळतात.

.22 ची आणखी एक अडचण आहे. त्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसापेक्षा ते न उडण्याचं प्रमाण जास्त. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप दाबला की पुढचं काडतूस समोर येतं, एवढा आधार आहे. धक्का मात्र कमी, आणि ज्यांच्या हातात ताकद कमी आहे त्यांच्यासाठी तो खरा फायदा आहे. वृद्ध माणूस, संधिवाताची बोटं, यांना मी अजूनही .22 च सुचवेन, पण चाप दाबून बघितल्यावरच.

सातशे ग्रॅमची बाजू मी वाईट अनुभव आला म्हणून टाकून देत नाही. जड हत्यार धक्का पोटात घेतं. दुसरी गोळी लवकर नेमावर येते. प्रबलची नळी 76 मिलिमीटरची आहे आणि सिलिंडर बाजूला उघडतं, जुन्या रिव्हॉल्व्हरसारखं मधून मोडावं लागत नाही. भरणं, रिकामं करणं, रिकामं आहे हे डोळ्यांनी बघणं सोपं. हा शेवटचा गुण मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या जाहिरातीत 50 मीटरच्या पल्ल्याचा गाजावाजा झाला, त्याकडे मात्र लक्ष देऊ नका. स्वतःच्या बचावाचा प्रसंग हाताच्या अंतरावर, फार तर खोलीच्या लांबीवर घडतो. पन्नास मीटरवरच्या माणसापासून जीव वाचवायला गोळी झाडावी लागली, हे न्यायालयाला पटवणं किती कठीण जाईल याचा विचार करा. जो गल्ल्यावर बसतो, गाडीतून फिरतो, फारसा वाकत नाही, त्याने सातशे ग्रॅम घ्यावं. मी दिवसाला वीस वेळा पोत्यांवर वाकतो.

मधलं, अर्ध्या किलोचं, मी आता बाळगतो. निर्भीक 2014 च्या जानेवारीत आलं तेव्हा त्याची किंमत 1,22,360 रुपये होती आणि ते बायकांच्या पर्सचं रिव्हॉल्व्हर म्हणून गाजलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन उतरलं हे खरं. पण हलकं म्हणजे बाईमाणसाला सोपं, ही समजूत चुकीची आहे. काडतूस तेच .32 चं आणि हत्यार हलकं, म्हणजे धक्का मनगटात जास्त येतो. बायकोला मी दोन्ही धरायला दिली, रिकामी करून, दोघांनी तपासून. तिने जडच पसंत केलं, म्हणाली हात कमी थरथरतो. आणि पर्सविषयी एवढंच सांगतो: पर्स ओढून नेली की हत्यारही तिच्याबरोबर गेलं, आणि घरी पर्स खुंटीला लावली की ती पोरांच्या हाताशी आली. अंगावर किंवा कुलपात, तिसरी जागा नको.

अर्धा किलो का, तर दिवसभर अंगावर राहतं म्हणून. सातशेवालं मी दुपारी काढून गल्ल्यात ठेवायचो. गल्ल्याला कुलूप होतं, पण किल्ली त्यालाच लावलेली असायची. जड हत्याराचा मोठा धोका मला हाच वाटतो. माणूस कंटाळतो आणि ते कुठेतरी काढून ठेवतो.

पिस्तुलाचंही थोडं. .32 चं पिस्तूल चपटं असतं, सिलिंडरचा फुगवटा नाही, म्हणून त्याच वजनाचं असूनही अंगाला लागून बसतं. फक्त लपवणं एवढाच निकष असता तर मी पिस्तूलच सांगितलं असतं. पण सैल मनगटाने झाडलं तर ते अडकू शकतं, अडकल्यावर सोडवायला सराव लागतो, आणि मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढल्यावरही नळीत एक गोळी राहू शकते हे विसरणाऱ्यांनी घरातल्याच माणसांचे जीव घेतले आहेत. शिवाय पिस्तुलाचं .32 आणि रिव्हॉल्व्हरचं .32 ही वेगवेगळी काडतुसं आहेत, एकाची दुसऱ्यात चालत नाहीत. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतील तो आकडा लिहिलेला असतो, म्हणजे सराव आधीच मोजका. मोजक्या सरावाच्या माणसाला रिव्हॉल्व्हर बरं, असं माझं ठाम मत आहे. कोणाच्या आजोबांचं खिशातलं विलायती .25 विकायला आलं तर मोहात पडू नका. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून आयात बंद झाल्यामुळे त्यांच्या किमती फुगल्या आहेत, आणि एक स्प्रिंग तुटली की ते कपाटात पडून राहणार.

कोणी म्हणेल, दोन घ्यावीत, पावसाळ्यात लहान, एरवी मोठं. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालत. आपल्याकडे ज्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाची बंदूक आहे त्यांची एक जागा तिथेच भरली. वांदर-डुकरांना पळवायला ती लागतेच. म्हणजे बहुतेकांना एकच निवड करायची आहे.

आकार कुठलाही घ्या, आपल्याकडे हत्यारं खाऱ्या हवेने बिघडतात, म्हणून ते इथेच सांगतो. आषाढात एकदा माझं रिव्हॉल्व्हर चार दिवस चामड्याच्या होल्स्टरमध्ये राहिलं. बाहेर काढलं तर नळीवर, शिवण टेकते नेमकी तिथे, तांबूस रेघ. शिवणीच्या टाक्यांचे ठिपकेसुद्धा मोजता येत होते. चामडं घाम धरून ठेवतं. बाळगताना हवं तर वापरा, पण ठेवताना हत्यार त्यातून काढा, कोरड्या कपड्याने पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा. तेल बंदुकीचंच घ्या. कोयतीला खोबरेल चालतं, हत्याराला नाही. डिसेंबरच्या पहाटे बाटलीत खोबरेल गोठतं तसंच ते चापाच्या आतही गोठतं, आणि मग कचरा धरून चिकट होतं. जितकं लहान हत्यार तितकं ते अंगाला चिकटून राहतं आणि तितका घाम पितं. लहान घ्याल तर रोज पुसायची तयारी ठेवा.

बांद्याच्या पुढे गोव्यात रोज जाणाऱ्यांनी परवान्याची हद्द वाचून घ्यावी. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडताना हत्यार घरी कुलपात राहायला हवं. बांबोळीच्या इस्पितळात पेशंट घेऊन धावताना हे लक्षात राहत नाही. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते तेव्हा पावती नीट जपा आणि परत घेताना नळीत उजेड टाकून बघा.

अजून खरेदी केली नसेल तर एक प्रश्न विचारतो. मी परवाना काढला तेव्हा काजूच्या हंगामात पिशवीभर रोख घेऊन गावोगाव हिंडायचो. आता अर्ध्याहून जास्त शेतकरी पैसे खात्यावर घेतात, आणि हत्यार घरच्या तिजोरीत राहण्याचे दिवस माझ्याकडे वाढत चाललेत. तुमचं कारण अजून तसंच आहे का, हे आधी बघा. असेल, तर वाकून काम करणाऱ्याने अर्धा किलो, बसून काम करणाऱ्याने सातशे, आणि हातात जोर नसलेल्याने .22. दुकानात जाताना रोजचाच शर्ट घालून जा, सणासुदीचा नको. हत्यार रिकामं आहे हे स्वतः बघून, दुकानदाराच्या परवानगीने ते होल्स्टरमध्ये घालून कमरेला लावा आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाका. मागे उभा राहून बघायला बरोबर कोणाला तरी न्या.