१५०-६०० मिमी झूम लेन्स, आठ महिन्यांनंतर: फोटो छान, पण ती करकर!

झूमची रिंग ४०० ते ५०० च्या मध्ये करकरते. तेवढ्याच टप्प्यात. सर्व्हिसवाल्याने लेन्स कानाशी धरली आणि म्हणाला, "काही ऐकू येत नाही." मला रात्री अंथरुणातही येते.

लेन्स घेतली ती वाळवंटातल्या मरूद्यानात उतरणाऱ्या पक्ष्यांसाठी. सहारा ओलांडणारे वॉर्बलर, थिरथिरे बहुतेक रात्री उडतात आणि पहाटे हिरवं दिसेल तिथे टेकतात. विलो वॉर्बलर जेमतेम १० ग्रॅमचा. रात्रभर उडून आलेल्या जिवाला किडे टिपताना उठवायचं नाही, म्हणून लांबूनच जवळचं दाखवणारी ६०० हवी.

पहिल्या खेपेचे फोटो बघून मी ती विकायलाच काढली होती. शटर १/२००० सेकंद, ट्रायपॉड, तरी पिसं भिजल्या कापसासारखी. '६०० ला लेन्स मऊ पडते', म्हणजे फोटो धूसर येतो, असं चारचौघांना सांगूनही झालं. ते मत मागे घेतो. ते सगळे फोटो साडेनऊनंतरचे, तीस-चाळीस मीटरवरून घेतलेले. वाळू तापली की वरची गरम-गार हवा हलत राहते आणि प्रकाश वाकवते. तिथे शटर वाढवून काही होत नाही, महागडी लेन्सही तेच देते. पुढच्या खेपेला उजाडताच झुडपांजवळ आठ मीटरवर बसून राहिलो. शंकर पक्ष्याच्या गळ्यावरचं निळं पीसन्‌पीस मोजता आलं.

पण करकर! झूम करताना नळी बाहेर येते आणि लोहाराच्या भात्यासारखी हवा आत ओढते, हवेबरोबर बारीक धूळही. 'डस्टप्रूफ' म्हणून मिरवायला मागे माउंटला, म्हणजे कॅमेऱ्याला जोडतात तिथे, एक रबरी रिंग, बस्स. वॉरंटीत बसत नाही, 'वापरातली झीज' आहे म्हणे. उघडून साफ करायचा जो आकडा सांगितला, तो ऐकून लेन्स तशीच पिशवीत घातली आणि घरी आलो.

आता जुन्या मोज्याचा वरचा भाग कापून नळीच्या सांध्यावर चढवलाय आणि झूम ६०० वरच ठेवतो. (मग झूम घेतलीच कशाला, हे घरच्यांनी विचारून झालंय.)

गेल्या खेपेला एक थिरथिरा तीन मीटरवर येऊन बसला. फ्रेममध्ये मावेना. नाइलाजाने रिंग ३०० कडे फिरवली. करकर. त्याने मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं.

काही ऐकू येत नाही म्हणे.