एसप्रोमाझिन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मे ते जानेवारी, म्हणजे सोलापूरचा उन्हाळा, दिवाळी आणि गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) असे तिन्ही पेपर कुत्र्यांना गुंगी आणणाऱ्या या औषधाने दिले. एका विषयात पहिला वर्ग, एकात सपशेल नापास. शस्त्रक्रियेआधीच्या इंजेक्शनला पाचपैकी साडेचार. फटाक्यांच्या रात्री द्यायच्या गोळीला एक.

नापासाचं आधी. हे क्लोरप्रोमाझिन या मानसोपचारातल्या औषधाच्या घराण्यातलं. 1950 च्या दशकात माणसांच्या मानसोपचारासाठी आलं आणि शेवटी जनावरांकडेच राहिलं. मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहक रसायनाचा मार्ग ते अडवतं, त्यामुळे हालचाल मंदावते. भीती मात्र जागेवरच राहते. गड्ड्याच्या होम मैदानावर दारूकाम सुरू झालं की गोळी दिलेलं कुत्रं कोपऱ्यात पसरलेलं दिसतं. तिसरी पापणी अर्ध्या डोळ्यावर आलेली, मान खाली. मालक म्हणतो, "बघा, किती शांत!" पण फटाक्याच्या प्रत्येक आवाजाला कान थरथरतात, बुबुळं मोठी, धाप चालूच. पळायचंय आणि पाय उठत नाहीत, अशी ती अवस्था. काही कुत्री पुढच्या वेळी आवाजाला आणखी बिचकतात. फटाक्यांसाठी ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन किंवा हिरडीला लावायचं डेक्समेडेटोमिडिन जेल यांचा विचार डॉक्टरांशी बोलून करा, आणि तोही आठवडाभर आधी.

गोळीचा दुसरा घोळ वेळेचा. तोंडातून दिलेल्या औषधाचा बराचसा भाग यकृतच संपवतं, आणि उरलेल्याचा असर कधी पाऊण तासात दिसतो, कधी दीड तासात. अर्ध्या तासात काही दिसलं नाही म्हणून घरची मंडळी दुसरी गोळी देतात. मग दोन्ही एकदम चढतात आणि कुत्रं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झिंगलेलं राहतं. उलटवणारं औषध नाही, उतरेपर्यंत वाट बघायची.

इंजेक्शनची गोष्टच वेगळी. मात्रा किलोला 0.01 ते 0.05 मिलिग्रॅम, आणि कुत्रं कितीही थोराड असलं तरी एकूण 3 मिलिग्रॅमच्या वर नाही. 12 किलोच्या कुत्रीला 0.02 ने 0.24 मिलिग्रॅम. बाटली 10 मिलिग्रॅम प्रति मिलीची असेल तर हे होतं 0.024 मिली, जे कुठल्याच सिरिंजवर धड मोजता येत नाही. तेवढं तर सुईच्या मुळातच अडकतं. म्हणून 0.1 मिली औषधात 0.9 मिली सलाइन घालायचं. आता 1 मिलीत 1 मिलिग्रॅम, आणि ओढायचं 0.24 मिली. इन्सुलिनची सिरिंज घेणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवावेत: 40 युनिटच्या सिरिंजवर 24 ची रेघ म्हणजे 0.6 मिली, अडीचपट डोस.

स्नायूत देऊन 30 ते 40 मिनिटं कुत्र्याला अंधाऱ्या, शांत खोलीत सोडा. शेजारच्या पिंजऱ्यात भुंकाभुंकी असेल तर अर्धा असर तिथेच वाया. भुलेचं औषध कमी लागतं, ते थोडं थोडं करून द्या. वेदनाशमन शून्य, त्यामुळे ब्युटॉर्फेनॉलसारखं काही सोबत हवंच. मॉर्फिन द्यायचं असेल तर हे 15 मिनिटं आधी दिल्यास उलट्या कमी होतात, हा खरा बोनस.

आता आपल्या गावचा प्रश्न: तापमान. रक्तवाहिन्या सैलावतात आणि शरीराचा थर्मोस्टॅट बिघडतो. मे महिन्यात वीज गेलेल्या पत्र्याच्या खोलीत कुत्रं तापतं, डिसेंबरच्या पहाटे त्याच फरशीवर गारठतं. दर अर्ध्या तासाला थर्मामीटर लावा. 37.5 अंशांच्या खाली गेलं तर अंगावर चादर (आपल्याकडे तिची काय कमी!), 39.5 च्या वर गेलं तर पंखा आणि पोटाला, पंजांना ओलं फडकं.

रक्तदाब पडतो तोही याच कारणाने. हिरड्या पांढुरक्या दिसल्या की सलाइनचा वेग वाढवा. अ‍ॅड्रिनॅलिनने दाब चढवायला जाऊ नका: वाहिन्या आवळणारा मार्ग या औषधाने बंद केलेला असतो, सैल करणारा उघडाच, त्यामुळे दाब आणखी खाली जातो. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन किंवा फेनिलेफ्रिन, म्हणजे वाहिन्या आवळणारं औषध, हाताशी हवं.

आपल्या भागातली कारवानी, पश्मी, मुधोळ ही सडपातळ कुत्री कमी मात्रेतही लांब झोपतात. त्यांना खालच्या टोकापासून सुरुवात. बॉक्सर जातीचा कुत्रा कोसळू शकतो, त्याला शक्यतो नकोच. कॉली जातीत एमडीआर1 या जनुकाचा दोष असेल तर मात्रा पाव ते निम्म्याने कमी. गोचीड तापातून उठलेल्या कुत्र्याचं रक्त आधी तपासा, कारण प्लीहा फुगून रक्तपेशी तिथे साठतात आणि पीसीव्ही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणखी घसरतो. गोचिडांसाठी गोठ्यातलं ऑरगॅनोफॉस्फेट (एक प्रकारचं कीटकनाशक) फवारलं आहे का, हे मालकाला थेट विचारा. तो आपणहून सांगत नाही, आणि त्या विषाचा जोर या औषधाने वाढतो.

घरी सोडताना 12 तास जिना, गच्ची आणि लहान मुलं यांपासून लांब ठेवायला सांगा. झोपलंय म्हणून कुणी तोंडाजवळ हात नेऊ नये. दचकून चावा बसतो. लघवी गुलाबीसर झाली तर ते रक्तच असेल असं नाही, पण फोन करायला सांगून ठेवा. बाटली खोक्यातच ठेवायची, उजेडाने औषध बिघडतं.