जुन्या गाडीच्या वायरिंगसाठी नाना पेठेतले वायरमन काका

माझी ९८ ची मारुती ८००, प्रोजेक्ट म्हणून घेतलेली, दोन रात्री उभी राहिली की बॅटरी उतरायची. तीन ठिकाणी दाखवली, सगळ्यांचं एकच, नवीन बॅटरी टाका. काकांनी मात्र आधी निगेटिव्ह टर्मिनल काढून मधे मीटर लावला, चावी बंद, दारं बंद, तरी ०.६ अँपिअर जात होते, म्हणजे दिवसाला १४ अँपिअर-अवर आणि बॅटरी ३५ ची, हिशोब तिथेच लागला. मग एकेक फ्यूज काढत गेले, आकडा हलेना, तेव्हा म्हणाले, "ही लाइन फ्यूजबॉक्समधून आलेलीच नाहीये," आणि सरळ कार्पेट उचललं. खाली आधीच्या मालकाने अँप्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून ओढलेली, मधे फ्यूज नाही, अँप्लिफायर चालू-बंद करणारी रिमोटची वायरपण त्यालाच जोडलेली म्हणून अँप्लिफायर रात्रभर चालूच. जॉइंट नुसता पिळून काळी टेप गुंडाळली होती, ती सोलली तर डिंकासारखी बोटांना चिकटली, आत तांबं हिरवं पडलेलं. बघून धडकीच भरली.

हेडलाइटला १०० वॉटचे बल्ब होते तेही रिलेशिवाय (रिले म्हणजे जास्त करंट स्वतःवर घेणारा, छोट्या करंटवर चालणारा वेगळा स्विच), दोन्ही मिळून १६-१७ अँपिअर स्विचमधूनच जायचे, स्विचचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. काकांनी रिले बसवले, जॉइंट सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली, प्रत्येक नवीन वायरला बॅटरीजवळ फ्यूज.

दोन दिवस गाडी ठेवावी लागते आणि काम चालू असताना फोन उचलत नाहीत, तेवढी तयारी ठेवा. मजुरी २२०० घेतली, जुन्या वायरी पिशवीत घालून परत दिल्या.