क्लास बंद पडला, कर्ज मात्र दादाच्या नावावर राहिलं

हे लिहायला मला बराच वेळ लागला. घरात हा विषय निघाला की बाबा उठून बाहेर जायचे, म्हणून मीही गप्प राहिले. परवा दादाच म्हणाला, "लिहून टाक. दुसऱ्या कोनाचे तरी पैसे वाचतीन." म्हणून लिहितेय.

मी नरखेड तालुक्यातली. घरी संत्र्याची बाग, बाबा आणि आई दोघंही त्यातच राबतात. दादा बुटीबोरीला एका कारखान्यात आहे. जून २०२४ मध्ये बी.एस्सी. झाले आणि राज्यसेवेच्या तयारीसाठी नागपूरला आले. नंदनवनला तिघींमध्ये एक खोली, डबा आणि अभ्यासिका, एवढंच ठरलं होतं. क्लासचं काही ठरलं नव्हतं. पण अभ्यासिकेत ज्याला विचारावं तो म्हणे, पॅटर्न बदलतोय, मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक होणार, क्लासशिवाय उत्तरं लिहिता येणार नाहीत. बदल खरा होता. राज्य लोकसेवा आयोगाने (एमपीएससी) तो जाहीर केला होता, आणि त्यावरून पुण्यात विद्यार्थ्यांची आंदोलनंही झाली होती. या बदलाची जी भीती आमच्या मनात बसली, तिच्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

अभ्यासिकेच्या दारात एक पत्रक मिळालं. "मोफत स्कॉलरशिप टेस्ट". पन्नास प्रश्न, मला अडतीस आले. दुसऱ्या दिवशी फोन आला की तुम्हाला चाळीस टक्के शिष्यवृत्ती मिळाली, दीड लाखाची फी नव्वद हजार झाली, पण ऑफर शनिवारपर्यंतच आहे. मी आनंदाने घरी फोन केला. पुढे कळलं की माझ्या खोलीतल्या दोघींनाही चाळीस टक्केच मिळाले होते आणि त्यातल्या एकीने अर्धा पेपर कोरा ठेवला होता.

शनिवारी बाबा आणि दादा आले. बाबा सकाळच्या एसटीने, दादा पहिली पाळी संपवून. तो क्लास पश्चिम नागपुरात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. आत एसी, काचेचं टेबल आणि पूर्ण भिंतभर अधिकाऱ्यांचे फोटो: उपजिल्हाधिकारी, डीवायएसपी, तहसीलदार. बाबा पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि त्या भिंतीकडेच बघत होते. समुपदेशक मॅडमने ते बरोबर हेरलं. "काका, पुढच्या वर्षी या भिंतीवर तुमच्या मुलीचा फोटो असेल," ती म्हणाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनंतर मी एकही प्रश्न विचारला नाही. विचारायचे प्रश्न वहीत लिहून नेले होते, ती वही बॅगेतच राहिली.

नव्वद हजारांवर अठरा टक्के जीएसटी म्हणजे सोळा हजार दोनशे. ते लगेच भरायचे, बाकीचे "बिनव्याजी हप्त्यांत", महिना पाच हजार, अठरा महिने. आम्हाला वाटलं हप्ता क्लासला द्यायचा. सोळा हजार दोनशे मी यूपीआयने भरले. क्यूआर स्कॅन केल्यावर क्लासचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. मी थबकले, तर मॅडम म्हणाली, "सरांचंच खातं आहे." पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता. ते माझ्या लक्षातच आलं नाही, सहा महिन्यांनी तक्रार लिहिताना एका वकील ताईने दाखवलं. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की तो कोणाच्या नावावर आहे हे मिनिटात दिसतं. आम्हाला तर टाकायला क्रमांकच नव्हता.

आता मुख्य गोष्ट, ती जशी घडली तशीच सांगते.

मॅडमने दादाचा आधार आणि पॅन मागितला. "हप्त्यासाठी नोकरी करणाऱ्याचं नाव लागतं, फक्त फॉर्मॅलिटी." मग टॅब दादासमोर धरला. "दादा, इकडे बघा. आता डोळे मिचकवा. झालं." त्यानंतर दादाच्या फोनवर लागोपाठ चार ओटीपी आले. ती विचारत गेली, दादा आकडे सांगत गेला. मेसेज इंग्रजीत होते. त्यातल्या एकात "लोन अ‍ॅग्रीमेंट" असं स्पष्ट लिहिलं होतं आणि दुसऱ्यात दादाच्या पगाराच्या खात्यातून दर महिन्याला पैसे आपोआप कापायची मंजुरी होती. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. मी पदवीधर, इंग्रजी वाचता येणारी, दादाच्या अगदी शेजारी बसले होते. आम्ही दोघांनीही फक्त सहा आकडे वाचले.

म्हणजे झालं असं, की एका फायनान्स कंपनीने दादाच्या नावावर नव्वद हजारांचं कर्ज मंजूर केलं आणि पैसे थेट क्लासला दिले. क्लासला फी एकरकमी मिळाली. आम्ही आता क्लासचे देणेकरी नव्हतोच, त्या कंपनीचे कर्जदार झालो होतो. क्लास चालो की बंद पडो, हप्ता कापला जाणारच. शिकवणारा आधीच पूर्ण पैसे घेऊन मोकळा झालेला असताना शिकवायची गरज कोणाला उरते? जिथे जिथे "सोपे हप्ते" असं ऐकाल, तिथे पहिला प्रश्न हाच विचारा की हप्ता कोणाकडे जाणार.

शिकवणं जुलैत सुरू झालं. पहिले तीन दिवस राज्यघटनेचे एक नावाजलेले सर आले, वर्ग गच्च भरला. नंतर ते कधी दिसले नाहीत. सप्टेंबरपर्यंत इतिहासाचे दोन शिक्षक बदलले. ज्या उत्तरलेखनासाठी गेलो होतो त्याची एकही वही तपासून मिळाली नाही. ऑक्टोबरमध्ये "हायब्रिड" म्हणून पडद्यावर जुने व्हिडिओ लावायला लागले, त्यातले बहुपर्यायी मुख्य परीक्षेसाठीचेच होते. पंचवीस ऑगस्टची पूर्व परीक्षा पुढे जाऊन एक डिसेंबरला ठरली होती, त्यामुळे आम्ही सगळे पूर्वच्या घाईत होतो, कोणी फार ताणलं नाही. दिवाळीची सुट्टी दिली. दिवाळीनंतर आम्ही जिना चढून गेलो तर शटर बंद आणि त्यावर "भाड्याने देणे आहे" चिकटवलेलं. मॅडमचा फोन बंद. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येत होतं, त्यामुळे आम्ही एकमेकांना साधं विचारूही शकत नव्हतो.

पाच डिसेंबरला दादाच्या खात्यातून हप्ता जाणार होता. इथे आमची दुसरी चूक झाली. कोणीतरी सांगितलं की क्लासच बंद आहे तर कर्ज फेडायचं कशाला, खातं रिकामं ठेव. दादाने तसं केलं. हप्ता परत गेला, बँकेचा आणि कंपनीचा दंड लागला, वसुलीचे फोन कारखान्यात जायला लागले आणि दादाचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, घसरला. पुढे त्याला मोटारसायकलचं कर्जही नाकारलं. हप्ता अचानक थांबवू नका. आधी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी ईमेल करा की सेवा बंद झाली आहे, पावती आणि बंद शटरचा फोटो जोडा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हेही आम्हाला उशिरा कळलं. दादाने एकदा एवढं वाक्य ऐकवलं आणि रात्रीचे फोन थांबले. लोकपालाकडे तक्रार केल्यावर दंड माफ झाला. मुद्दल नाही. चार हप्ते गेले होते, उरलेले सत्तर हजार बाबांनी मार्चमध्ये मृग बहाराच्या संत्र्याच्या पैशातून एकदम भरले. त्या वर्षी ठिबकच्या नळ्या बदलायच्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

अशा डिजिटल कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एक मुभा असते. कर्ज घेतल्यावर ठरलेल्या मुदतीत, निदान एक दिवस तरी, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. कर्जाचा एकूण खर्च दाखवणारा कागद आधी देणंही बंधनकारक आहे. आम्हाला तो ईमेलवर आला होता, दादाने उघडला नव्हता. त्याच रात्री खोलीवर बसून शांतपणे वाचला असता तर मागे फिरायला वाट होती.

भिंतीवरच्या फोटोंचं सांगायचं राहिलं. त्यातल्या एका अधिकाऱ्यांशी अभ्यासिकेतल्या एका ताईची ओळख निघाली. ते म्हणाले, "मी तिथे एकदा मॉक इंटरव्ह्यू दिला होता, फुकट." एवढ्यावर त्यांचा फोटो वर्षभर फी गोळा करत होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार यशस्वी उमेदवाराने नेमका कोणता कोर्स केला हे सांगावं लागतं, त्याची लेखी संमती लागते आणि निवडीची हमी देता येत नाही. तेव्हा फोटो दिसला की विचारा, यांनी इथे काय केलं होतं? आणि त्याच वर्षी जानेवारीत शिक्षण मंत्रालयाने राज्यांना दिलेल्या सूचनांमध्ये, कोर्स मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं म्हटलं आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर परताव्याची अट काय आहे ते पाहा. आमच्या फॉर्मवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात "कोणत्याही परिस्थितीत फी परत नाही" असं होतं.

आणखी एक. क्लास बंद झाल्यावर जानेवारीत मला एक फोन आला. माझं नाव, गाव, क्लास, दादाचा नंबर, सगळं त्या माणसाला माहीत होतं. पूर्वमध्ये "बसवून देतो", म्हणजे पास करून देतो, म्हणाला. आमची माहितीही विकली गेली होती. मी कापला, पण माझ्या बॅचमधला एकजण दोनदा बोलला त्याच्याशी. कृपा करून बोलू नका. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आपल्या हातात असते, उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर येते, आपले गुण आपल्याला घरी बसून काढता येतात. त्यात बसवून द्यायला कोणाला जागा नाही. असे फोन आले तर पोलिसांना आणि आयोगाला कळवा, पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर.

मी आता क्लासशिवाय अभ्यास करते. जुने पेपर आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकंही. सीताबर्डीला जुन्या मॉरिस कॉलेजच्या आवारात सरकारचं आयएएस पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, प्रवेश परीक्षा देऊन तिथे जाता येतं. महाज्योती या सरकारी संस्थेचं मुख्यालय तर नागपुरातच आहे, ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी त्यांच्या प्रशिक्षण योजना असतात. मी पात्र असून अर्ज केला नव्हता, कारण कोणी सांगितलंच नाही. मी सांगतेय.

पोलीस ठाण्यात आमचा अर्ज घेतला, पण हा पैशाचा व्यवहार आहे म्हणून ग्राहक आयोगात जा असं सुचवलं. आम्ही अकरा जण आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, मग नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही, बाजू स्वतः मांडता येते. प्रकरण चालू आहे. क्लासबरोबर फायनान्स कंपनीलाही आम्ही प्रतिवादी केलं आहे.

त्या बॅचमध्ये आम्ही साठ-सत्तर जण तरी होतो. बाकीचे कुठे गेले मला माहीत नाही, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरची बरीच मुलं होती. तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ग्रुपवरचे मेसेज आणि ते ओटीपीचे मेसेज काहीही पुसू नका. ग्राहक आयोगात दाद मागायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. शटर दिवाळी २०२४ नंतर पडलं. म्हणजे ऑक्टोबर २०२६ संपायच्या आत तुमची तक्रार दाखल झालेली असू द्या.