चिकित्सक विचारांसाठी वर्गात काय सुरू करावं: जोडीचर्चा, वर्तुळसंवाद की विचारवही?

वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका आणि संपवायचा अभ्यासक्रम. यात मुलांना स्वतःचा विचार करायला आणि त्या विचाराकडे मागे वळून पाहायला वेळ कुठून काढायचा, हा उच्च प्राथमिकच्या शिक्षकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. तीन पद्धतींची नावं नेहमी घेतली जातात. तिन्ही चांगल्या आहेत, पण त्यांची कामं वेगळी आहेत, आणि तिन्ही एकदम सुरू केल्या तर दिवाळीपर्यंत एकही टिकत नाही. एकच निवडायची असेल तर जोडीचर्चा निवडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

जोडीचर्चा

अमेरिकेतील फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत. प्रश्न विचारायचा, मुलांनी मिनिटभर एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गासमोर मांडायचं. बाकं हलवावी लागत नाहीत, साहित्य लागत नाही, पाच-सात मिनिटांत होते. मुख्य म्हणजे एरवी हात वर करणारी ठरावीक मुलंच विचार करतात, इथे प्रत्येकाला करावा लागतो.

सगळं यश प्रश्नावर अवलंबून असतं. ‘प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?’ यात चर्चा करण्यासारखं काहीच नाही. त्याऐवजी हे करून पाहा: पाण्याचं भांडं आणि शेजारी वाटीत साखर, दोन्हींचं एकत्र वजन करा. साखर पाण्यात घालून ढवळा आणि रिकामी वाटी पुन्हा काट्यावर ठेवा. आता वजन वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? साखर दिसेनाशी झाली म्हणजे तिचं वजनही गेलं, असं बऱ्याच मुलांना मनापासून वाटतं. इथे दोन शेजाऱ्यांची खरी खडाजंगी होते.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांची युक्ती इथे उपयोगी पडते. चर्चेआधी प्रत्येकाला आपलं उत्तर ठरवायला लावायचं. जवळजवळ सगळ्यांचं बरोबर असेल तर पुढे जायचं, फारच थोड्यांचं बरोबर असेल तर थोडं आणखी शिकवायचं. साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तेव्हा चर्चेला रंग भरतो. चर्चेनंतर पुन्हा उत्तरं घ्यायची आणि मगच वजनकाट्याकडे वळायचं. तोवर शिक्षकाच्या चेहऱ्यावरूनही उत्तर कळता कामा नये. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात, कारणं येऊ लागतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलतात.

पद्धतीत एक उणीव आहे: ठासून बोलणारं मूल शेजाऱ्याला गप्प करतं. म्हणून वर्गासमोर ‘तुझं उत्तर काय?’ असं न विचारता ‘तुझ्या शेजाऱ्याचं म्हणणं काय होतं आणि का?’ असं विचारा. मग ऐकून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

वर्तुळसंवाद

एक छोटा उतारा, पंधराएक मुलं आतल्या वर्तुळात बोलणारी, बाकीची बाहेर बसून नोंदी घेणारी. विचारात खोली हवी असेल तर याला तोड नाही. उदाहरणार्थ, महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे केलेलं निवेदन घ्या. किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यात आहे. सक्ती का? बाराव्या वर्षापर्यंतच का? आजचा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षं म्हणतो, त्यात काय बदललं? प्रत्येक मताला ‘कोणत्या ओळीवरून म्हणतोस?’ हा एकच प्रश्न पुरतो.

पण याला सलग दोन तासिका लागतात आणि सराव नसेल तर चार-पाच मुलंच बोलतात. शिवाय अशा उताऱ्यात जातीचा विषय निघतोच. कोणत्याही मुलाला आपल्या घराची, समाजाची बाजू मांडायला उभं करायचं नाही, हे आधीच पक्कं करा. आठवीचे भाषा किंवा इतिहासाचे शिक्षक असाल आणि पट लहान असेल, तर महिन्यातून एकदा जरूर घ्या. पाचवीत घाई नको.

विचारवही

स्वतःच्या विचाराकडे वळून पाहायला मात्र हीच लागते. ‘आज काय शिकलास?’ विचारलं तर फळ्यावरची वाक्यं उतरतात. ‘आधी मला काय वाटत होतं, आता काय वाटतं, कशामुळे बदललं?’ असं विचारलं तर साखरेच्या वजनाबद्दल चार प्रामाणिक ओळी मिळतात, आणि वर्गात कधीच तोंड न उघडणारं मूलही वहीत बोलतं.

किंमत शिक्षकाच्या वेळेची. पंचेचाळीस वह्या, दोन-दोन मिनिटं म्हणजे दीड तास. म्हणून दर आठवड्याला दहा-बारा वह्याच वाचा, एका ओळीत खरं उत्तर लिहा, गुण देऊ नका. लाल पेनाने शुद्धलेखन तर मुळीच तपासू नका, मुलं लगेच हात आखडतात.

मी क्रम असा लावेन: पहिल्या सत्रात फक्त जोडीचर्चा, आठवड्यातून दोनदा. ती अंगवळणी पडली की तिच्याच शेवटी विचारवहीच्या तीन ओळी. वर्तुळसंवाद दुसऱ्या सत्रात.

आणि परीक्षेचं काय? मध्य प्रदेशातील होशंगाबादमध्ये १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने प्रयोगातून शिकवताना परीक्षाही बदलली: पुस्तक जवळ ठेवायला परवानगी आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा. आपल्याकडे पहिली ते आठवीच्या आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या, मूल्यमापनात एवढी मोकळीक शिक्षकाला नक्की आहे. पुढच्या चाचणीत साखरेसारखा एक प्रश्न घाला: एक गुण उत्तराला, दोन गुण कारणाला.