10 किलोवॅटचा लाकूड-गॅसिफायर आणि सोलर जोडसंच: भामरागड, मेळघाटासाठी नागपुरातून घेण्याआधी

संच असा: सुक्या लाकडापासून जळणारा गॅस बनवणारी डाउनड्राफ्ट (गॅस वरून खाली ओढणारी) भट्टी म्हणजे गॅसिफायर, शंभर टक्के त्या गॅसवर चालणारं 10 किलोवॅटचं इंजिन, 540 वॅटचे 18 पॅनेल, 48 व्होल्टची 20 युनिटची लिथियम बॅटरी आणि सोलर, बॅटरी, जनरेटर तिन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर. चाळीसेक घरांचा पाडा, एक पिठाची गिरणी आणि पाण्याचा पंप यांना पुरेल अशी ही जुळणी आहे.

तंत्र नवखं नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकातल्या होसाहळ्ळी गावात 1988 मध्येच लाकडाच्या गॅसवर वीज दिली होती. तरी गावोगावचे असे संच गंजत पडतात, त्याचं मुख्य कारण डांबर, म्हणजे लाकडाच्या धुरातला चिकट काळा अंश. भट्टीतल्या जळत्या थराचं तापमान हजार अंशांच्या वर राहिलं तरच लाकडातून निघणारं डांबर फुटून त्याचा गॅस होतो. रात्री दहानंतर गावात फक्त दिवे-पंखे उरतात, लोड दोन किलोवॅटवर येतो, इंजिन गॅस कमी ओढतं, थर थंडावतो आणि डांबर थेट इंजिनात गॅस घेणाऱ्या इंटेक व्हॉल्व्हवर जाऊन चिकटतं.

सोलरची जोड खरी कामाची ठरते ती इथे. बॅटरी असल्यामुळे इंजिन दिवसातून चारच तास, पण भरलेल्या लोडवर चालवता येतं. संध्याकाळी सहा ते दहा गावाचा लोड तीन-चार किलोवॅट आणि बॅटरीचं चार्जिंग चार किलोवॅट, म्हणजे इंजिनवर सात-आठ. दहानंतर भट्टी बंद, पुढची रात्र बॅटरीवर. त्यासाठी इन्व्हर्टरला जनरेटरचं वेगळं इनपुट हवं आणि चार्जिंग करंट बदलता यायला हवा. 80 अँपिअरला सुमारे चार किलोवॅट जातात. लाकडाच्या गॅसवर इंजिनची फ्रिक्वेन्सी 48 ते 52 हर्ट्झमध्ये हलते. इन्व्हर्टरची मर्यादा तेवढी रुंद केली नाही तर तो दर काही मिनिटांनी जनरेटर सोडून देतो, आणि दोष उगाच इंजिनच्या माथी जातो. साधा ऑन-ग्रिड (फक्त सरकारी लाइनला जोडायचा) इन्व्हर्टर स्वस्त पडतो म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. दुपारी इंजिन चालू असेल तर जादा वीज तो इंजिनकडे उलटी ढकलतो.

लाकडाचा हिशेब: एका युनिटला सव्वा ते दीड किलो, म्हणजे रोज साधारण 40 किलो. उन्हाळ्यात 10 किलोवॅटचे पॅनेल दिवसाला चाळीसेक युनिट देतात, तेव्हा भट्टी एक दिवसाआड पेटवली तरी चालतं. पावसाळ्यात ढगांमुळे पॅनेलचं उत्पादन निम्म्यावर येतं आणि सरपणही ओलं असतं. म्हणून जूनच्या आधी पाच टन सुकं लाकूड छताखाली पडलेलं हवं. पंधरा बाय दहा फुटांची, सहा फूट रास मावेल अशी, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांची शेड त्याला पुरते. कोटेशनमध्ये ही शेड नसते. आमच्या मते संचातली सगळ्यात मोठी उणीव हीच.

ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. मीटरच्या सुया वरून टोचून उपयोग नाही, तुकडा फोडून ताज्या बाजूला टोचा. तुकडे एक ते दोन इंचांचे. बाभूळ आणि सुबाभूळ उत्तम. तुराट्या-पऱ्हाट्या हलक्या असतात, त्या हॉपरमध्ये, म्हणजे भट्टीच्या वरच्या लाकूड-पेटीत, आडव्या अडकतात आणि खाली पोकळी तयार होते. लाकडात मिसळून, अधूनमधून सळईने ढोसत वापराव्या. धानाचा कोंडा या भट्टीत मुळीच नको, त्याला वेगळी रचना लागते. लाकूड कुठून येणार हेही आधी ठरवा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारखे सामूहिक वनहक्क असलेल्या गावातही तोडीचा निर्णय ग्रामसभेत झालेला बरा.

सुरू करताना भट्टीत तळाशी कोळसा, वर लाकूड, मग ब्लोअर. गॅस आधी फ्लेअरवर, म्हणजे बाहेरच्या जळत्या नळीच्या तोंडावर, पेटवून पाहायचा. ज्योत धुराशिवाय स्थिर जळू लागली की मगच इंजिनला द्यायचा. दाट पांढरा धूर म्हणजे ओलं लाकूड. अशा गॅसवर इंजिन रेटू नका. गॅस गाळणाऱ्या भुशाच्या फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाबातला फरक दाखवणारी पाण्याची यू-नळी जोडलेली आहे, ही या संचातली फार चांगली सोय. दोन पातळ्यांतलं अंतर वाढू लागलं की भुसा बदलायचा, तारखेची वाट पाहायची नाही. राखेच्या झाकणाची दोरी-गॅस्केट मात्र लवकर झिजते. तिथून हवा शिरली की गॅस आतल्या आत जळतो आणि पाइप तापतो. दोन गॅस्केट जास्तीच्या घ्या.

या गॅसमध्ये साधारण पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. भट्टी भिंतीविना, फक्त छपराखाली बसवा आणि अलार्म लावा. हॉपर उघडताना त्यावर वाकू नका. गॅसच्या धुलाईचं काळं पाणी नाल्यात सोडू नका, त्यात फिनॉल असतं. पक्क्या टाकीत साठवून तेच पुन्हा फिरवता येतं.

पैसे देण्याआधी नागपुरातच, तुमच्या गावच्या लाकडावर, सात किलोवॅटच्या लोडवर सलग चार तास संच चालवायला सांगा. मग इंजिन गार झाल्यावर इंटेकचा पाइप खोलून आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर करडी धूळ आली तर चालेल. चिकट काळं आलं तर संच तसाच परत करा.