टाळायचं तर आहे, पण कोणत्या इंग्रजी शब्दाने?

महिन्याभरापूर्वी शेजारच्या मुलाने साहेबांना पाठवायचा मेल मला वाचायला दिला. मंगळवारच्या मीटिंगला तो पोचू शकला नव्हता, आईला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मेलमध्ये लिहिलं होतं, ‘आय इव्हेडेड द मीटिंग.’ शब्दकोशात त्याने ‘टाळणे’ काढलं, समोर सात-आठ शब्द आले. ‘अव्हॉइड’ अगदीच शाळकरी वाटला म्हणून जरा वजनदार दिसणारा उचलला. म्हणजे बिचाऱ्याने स्वतःच्या हाताने कबुली लिहून दिली, की येणं माझं कर्तव्य होतं आणि मी ते शिताफीने चुकवलं. तिथे ‘मिस्ड’ हवं होतं. ‘अव्हॉइडेड’नेही गोंधळच झाला असता.

करारनामे, नोटिसा, माहितीपत्रकं यांची भाषांतरं करण्यात माझा दिवस जातो, आणि या शब्दांच्या झुंडीशी रोज गाठ पडते. माझ्यापुरता एक हिशेब मी बसवला आहे. मराठीत टाळायला शरीर लागतं. आपण अंग चोरतो, बगल देतो, नजर चुकवतो, काढता पाय घेतो, हातावर तुरी देतो. माणूस कसा निसटला हे मराठी शब्द डोळ्यांसमोर उभं करतो. इंग्रजीत शब्द निवडताना त्याआधी दुसरंच विचारावं लागतं: त्याच्याकडून काही येणं होतं का? देणं लागत नसताना बाजूला झाला तर एक शब्द, लागत असून झाला तर दुसरा.

अव्हॉइड की इव्हेड

‘अव्हॉइड’ला रंग नाही. गर्दी, तिखट, वाद, रस्त्यावरचा खड्डा, काहीही अव्हॉइड करता येतं आणि कुणी तुम्हाला नावं ठेवत नाही. मुळात हा शब्द ‘रिकामं करणं’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदावरून आला. त्यातला ‘व्हॉइड’ आजही दिसतो. ‘इव्हेड’ लॅटिनमधला: ‘बाहेर’ आणि ‘जाणं’ मिळून झालेला. ‘इन्व्हेड’ म्हणजे आत घुसणं, त्याचं हे उलटं भावंड. कुणीतरी धरू पाहतंय आणि आपण निसटतोय, असं ‘इव्हेड’मध्ये गृहीतच असतं. पोलीस, कर, प्रश्न, जबाबदारी, अटक यांच्याबरोबर तो शोभतो. ‘मी तिखट इव्हेड करतो’ म्हटलं तर मिरची मागे लागल्यासारखं वाटेल.

या दोघांतला फरक सगळ्यांत महाग पडतो तो करांच्या बाबतीत. ‘टॅक्स अव्हॉइडन्स’ म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून कर कमी करणं, ‘टॅक्स इव्हेजन’ म्हणजे उत्पन्न लपवून, खोटं दाखवून कर बुडवणं. पहिल्यात फार तर नोटीस येते, दुसऱ्यात तुरुंग. शिकागोचा कुख्यात गुंड अल कपोन १९३१ साली ११ वर्षांसाठी आत गेला तो खुनांपायी नव्हे, इव्हेजनपायी. उलट बाजूला ब्रिटनमधले एक बडे सरदार, वेस्टमिन्स्टरचे ड्यूक. त्यांनी माळ्यासारख्या नोकरांना पगाराऐवजी वार्षिकी, म्हणजे दरवर्षी ठरलेली रक्कम, द्यायचा दस्त केला आणि त्यावर कराची सूट मागितली. १९३० च्या दशकात प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेलं आणि ड्यूक जिंकले. चलाखी दोघांचीही म्हणता येईल, पण शब्द वेगळा आणि मुक्कामही वेगळा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या मॅक्डॉवेल प्रकरणात बजावलं, की करांचं नियोजन कायद्यात बसत असेल तर ठीक, बनावट क्लृप्त्या त्यात मोडत नाहीत. पुढे १ एप्रिल २०१७ पासून जो नियम लागू झाला त्याचं नावच ‘जनरल अँटी-अव्हॉइडन्स रूल’. नाव नीट बघा. ‘अँटी-इव्हेजन’ म्हणायची गरजच नव्हती, इव्हेजन आधीपासून गुन्हा होताच. पकडायचं होतं ते कायद्याचं बोट धरून कायद्यालाच चकवणाऱ्या अव्हॉइडन्सला.

मराठीत इथे आपण ‘कर टाळणे’ आणि ‘कर चुकवणे’ अशी जोडी लावतो. ‘करचुकवेगिरी’ हा शब्द तर वर्तमानपत्रांनी पक्का केलाय. जोडी चांगली आहे, पण ‘चुकवणे’ हे क्रियापद हल्ली हिंदीच्या नादाने बिघडत चाललंय. हिंदीत ‘चुकाना’ म्हणजे फेडणं. त्यामुळे हिंदीवरून घाईत मराठी केलेल्या जाहिरातीत ‘आपले कर्ज सहज चुकवा’ असं लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. मराठी माणसाला कर्ज देऊन वर ते बुडवायचा सल्ला! आपण कर्ज फेडतो, बिल चुकतं करतो; चुकवतो तो हप्ता, आणि तो चुकवू नये. असं वाक्य इंग्रजीत करायला आलं तर आधी मूळ हिंदी मागवून घ्यावं, नाहीतर ‘पे’च्या जागी ‘इव्हेड’ जाईल.

एस्केप, इल्यूड, इव्हेड: आग्र्याचं उदाहरण

हे तीन शब्द एकमेकांत मिसळतात. वेगळे करायला मी नेहमी १६६६ चा ऑगस्ट वापरतो, कारण प्रसंग प्रत्येक मराठी वाचकाला पाठ आहे. शिवाजी महाराज आग्र्यात नजरकैदेत होते. तिथून बाहेर पडले, ते ‘एस्केप’. आधी आत असल्याशिवाय एस्केप होत नाही. कैद, सापळा, पिंजरा काहीतरी लागतं. फौलादखानाच्या पहाऱ्याला फसवलं, मिठाईचे पेटारे आणि अंथरुणात पांघरूण घेऊन पडलेले हिरोजी फर्जंद अशी जी हकीकत बखरी सांगतात, ते ‘इल्यूड’. यात डोकं चालतं, समोरच्याची नजर फसते. आणि पुढे राजगडापर्यंत शोधपथकांच्या हाती लागले नाहीत, ते ‘इव्हेड’. मराठीत अनुक्रमे सुटका, हातावर तुरी, गुंगारा. या एका ठिकाणी मराठी आणि इंग्रजीचे खण इतके चपखल जुळतात, की भाषांतर करताना मजा येते.

‘इल्यूड’च्या पोटात ‘खेळणं’ हे लॅटिन क्रियापद आहे, तेच ‘इल्यूजन’मध्येही आहे. म्हणून मला त्याला ‘हुलकावणी’ हाच शब्द आवडतो. कोकणात रात्री रानात माणसाला गोल गोल फिरवणारा चकवा असतो, तोही याच घराण्यातला वाटतो. ‘इल्यूड’ची आणखी एक खोड म्हणजे तो उलटा फिरतो. माणूस पळायचा थांबतो आणि वस्तूच माणसाला हुलकावणी देते. १९४८ साली ओव्हलवर डॉन ब्रॅडमन शेवटच्या डावाला उतरला तेव्हा कसोटीतली सरासरी शंभर व्हायला फक्त ४ धावा हव्या होत्या. एरिक हॉलीजने त्याला शून्यावर त्रिफळाचीत केलं, सरासरी ९९.९४ वर थांबली. शंभरने त्याला इल्यूड केलं. इथे ‘इव्हेड’ किंवा ‘एस्केप’ घालून पाहा, बरोबर वाटणार नाही. आठवणीचंही तसंच: नाव ओठांवर आहे पण येत नाही, तर ते नाव तुम्हाला इल्यूड करतंय. ऐकायला जवळपास सारखा असलेला ‘अल्यूड’ म्हणजे सूचक उल्लेख करणं. त्याचा पळण्याशी संबंध नाही, पण मेलमध्ये हे दोघे सर्रास जागा बदलतात.

डॉज, डक, साइडस्टेप

हे अंगाने करायचे शब्द आहेत, म्हणून मराठी माणसाला लवकर कळतात. चढाईला गेलेला कबड्डीपटू कोपरारक्षकाला झुकांडी देतो ते ‘डॉज’. डोक्यावर आलेल्या बाउन्सरखाली वाकतो ते ‘डक’. (ब्रॅडमनने त्या दिवशी काढला तो ‘डक’ वेगळा, तो बदकाच्या अंड्यावरून आलेला.) ‘साइडस्टेप’ म्हणजे सरळ बगल देणं. ‘डॉज’मध्ये वेगाने येणारी वस्तू लागते. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात विजेवरच्या ट्रॉलीगाड्या रस्त्यावर आल्या, त्या चुकवत रस्ता ओलांडणारे ते ‘ट्रॉली डॉजर्स’. तेच नाव तिथल्या बेसबॉल संघाला चिकटलं. १९५८ पासून तो संघ लॉस एंजलिसमधून खेळतो, नाव अजून डॉजर्सच.

तिन्ही बोलीतले आहेत. करारात ‘डॉज’ लिहू नये. मित्राला मेसेज करताना ‘इव्हेड’ लिहू नये. इतकं पुरे.

प्रश्न टाळणारे

इथे मात्र थांबायला हवं, कारण बातमीदार आणि वकील दोघांनाही हेच शब्द रोज लागतात. प्रश्नाचं उत्तर न देणं म्हणजे ‘इव्हेड’ किंवा बातमीत ‘डॉज’. उत्तर दिलं, पण दोन्हीकडे लागेल असं दिलं, तर ‘इक्विव्होकेट’. त्याला आपल्याकडे महाभारतापासून तयार शब्दप्रयोग आहे, ‘नरो वा कुंजरो वा’. आणि फिरवून फिरवून, खऱ्याला आडवाटेने नेत बोलणं म्हणजे ‘प्रिव्हॅरिकेट’. त्याचं लॅटिन मूळ फेंगड्या पायांनी चालण्याचं आहे, आणि रोमन कायद्यात विरुद्ध पक्षाला आतून मिळालेल्या वकिलाला याच कुळातला शब्द होता. म्हणून तो जवळजवळ ‘खोटं बोलतो’च्या उंबरठ्यावर उभा आहे. बरेच जण तो ‘चालढकल करणे’ या अर्थी वापरतात. मी वापरत नाही. चालढकलीला ‘प्रोक्रॅस्टिनेट’ आहे.

मोघम नकार कसा असतो याचा उत्तम नमुना १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, आदेश ८, नियम ४. वादीने म्हटलं, याने अमुक एवढी रक्कम घेतली. प्रतिवादीने नुसतं ‘एवढी रक्कम घेतली नाही’ म्हणून भागत नाही. ती रक्कम किंवा तिचा कुठलाही भाग घेतला नाही, असं तरी म्हणा, नाहीतर किती घेतली ते सांगा. कायद्याच्या इंग्रजीत याला ‘इव्हेसिव्ह डिनायल’ म्हणतात. पन्नास हजार घेतलेला माणूस ‘मी एकावन्न हजार घेतले नाहीत’ असं शपथेवर सांगेल आणि अक्षरही खोटं नसेल! मराठी मसुद्यांत याला ‘उडवाउडवीचा नकार’ लिहिलेलं दिसतं. मला ‘मोघम नकार’ जास्त पटतो. उडवाउडवीत आवाज चढतो, इथे तर सगळं शांतपणे चाललेलं असतं.

शर्क, शन, इस्च्यू, अब्स्टेन

चौघांनाही शब्दकोश ‘टाळणे’च म्हणतो, आणि चौघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

‘शर्क’ हा शिवीच्या जवळचा शब्द. काम किंवा कर्तव्य याशिवाय त्याला कर्म चालत नाही. मराठीत ‘अंगचोर’ आणि ‘कामचुकार’ आहेत, आणि दोन्ही त्याच्याहून सरस आहेत. सहकाऱ्याबद्दल लेखी कधीच वापरू नका.

‘शन’ माणसांबद्दल जास्त. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या आमिश या ख्रिस्ती समाजात नियम मोडणाऱ्याशी व्यवहार तोडतात, त्यालाच ‘शनिंग’ म्हणतात. आपलं ‘वाळीत टाकणे’. पण कायद्याच्या भाषांतरात ‘शन’ लिहू नये. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावात ‘सोशल बॉयकॉट’ आहे. ‘बॉयकॉट’ शब्द आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या आडनावावरून १८८० मध्ये रूढ झाला. कुळांनी त्याला वाळीतच टाकलं होतं.

‘इस्च्यू’ म्हणजे तत्त्व म्हणून न शिवणं. त्याला ‘वर्ज्य’ इतका नेमका शब्द मराठीत तयार आहे, की मला दुसरा शोधावाच लागत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य. गायकाला निषाद जमत नाही असं नव्हे, तो घ्यायचाच नाही. शब्द थोडा पुस्तकी आहे. ‘इस्च्यू ऑब्फस्केशन’, म्हणजे ‘दुर्बोधता वर्ज्य करा’, हा इंग्रजीतला जुना विनोद त्याच्याच जिवावर चालतो.

‘अब्स्टेन’मध्ये माणूस हजर असतो. दारूचा ग्लास किंवा मतपेटी समोर आहे आणि हात मागे घेतला. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या युक्रेनवरील हल्ल्याविरुद्धच्या ठरावावर १४१ देश बाजूने, ५ विरुद्ध आणि ३५ तटस्थ राहिले. तटस्थांत भारत होता. त्यांनी मतदान ‘अव्हॉइड’ केलं असं लिहिणारा भाषांतरकार घसरला. अव्हॉइड केलंच असेल तर उरलेल्या १२ जणांनी, जे मोजणीत दिसलेच नाहीत. तटस्थ राहणं ही नोंद झालेली भूमिका असते.

टळलं तर?

मराठीत ‘टाळणे’ला ‘टळणे’ अशी जोड आहे आणि ती फार उपयोगी पडते. संप टळला, अनर्थ टळला, बला टळली. कुणी टाळला ते सांगायची गरज नाही. इंग्रजीत इथे ‘अव्हर्ट’ लागतो, तोही बहुधा कर्मणी: संप ‘वॉज अव्हर्टेड’. येऊ घातलेलं संकट शेवटच्या घडीला वळवलं की अव्हर्ट; मुळात येऊच दिलं नाही की ‘प्रिव्हेंट’; आलेलं होतं, आपण तिथून बाजूला झालो की ‘अव्हॉइड’. डेंग्यू प्रिव्हेंट करायचा, डास अव्हॉइड करायचे. रस्त्यावरच्या ‘अपघात टाळा’ या फलकात तिन्ही अर्थ एकत्र बसलेत आणि मराठीत काही बिघडत नाही. इंग्रजी करताना मात्र निवडावं लागतं. मी तिथे प्रिव्हेंट घेतो.

व्याकरणाचं एकच सांगतो. ‘अव्हॉइड टू गो’ चुकीचं, ‘अव्हॉइड गोइंग’ बरोबर. ‘रिफ्रेन’ (स्वतःला आवरणं) आणि ‘अब्स्टेन’ला ‘फ्रॉम’ लागतो, ‘अव्हॉइड’ आणि ‘इव्हेड’ला लागत नाही.

शेजारच्या मुलाने तेव्हा ‘कुड नॉट अटेंड’ लिहून पाठवलं आणि साहेबांनी आईच्या तब्येतीची चौकशी केली. या मंगळवारी संध्याकाळी तो पुन्हा आला. दुपारी क्रिकेटची मॅच होती, मीटिंग परत हुकली होती. ‘काका, आता कोणता शब्द?’

म्हटलं, ‘आता तुझा पहिलाच शब्द बरोबर आहे. पण तो साहेबांना कळवू नकोस.’